दारूबंदीच्या गावात व्यसनी घरांबरोबर काम करताना

बडोद्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायला महाराष्ट्रातून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "ताई, इथे तर दारूबंदी आहे ना?" आहे. १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा गुजरातनं वेगळं झाल्यावरही सोडला नाही. इथे दारू विकणंच काय, पिणंही गुन्हा आहे. त्यानं पिणारे किती कमी झाले यावर वाद घालता येईल, पण पिणं घराच्या आत दडलं हे नक्की. बाई तोंड उघडत नाही, कारण नवऱ्याला पोलीस उचलतील ही भीती. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात त्यात अब्रूची भर. "आमच्याकडे कुणी घेत नाही हो," असं सासूबाई चहाचा कप हातात देतानाच सांगून टाकतात. खानदेशातून कामाला आलेल्यांच्या वस्तीत निदान पोटलीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतल्या देशीचा, विषय चारचौघांत निघतो. मला तिथे काम सोपं वाटतं.

म्हणून घरात गेल्यावर व्यसनाचं नाव काढू नका. लहान मूल असेल तर त्याचं ममता कार्ड, म्हणजे लसी आणि वजन नोंदायचं सरकारी कार्ड, मागा. कार्ड दाखवायला कुणाची ना नसते. लसी कुठून चुकायला लागल्या, वजनाची रेघ कधी आडवी झाली, ते दिसतं. मग विचारा: बाळ रात्री कितीला झोपतं? कुणाजवळ? जेवतं कधी? अंगणवाडीत सकाळी पेंगणारं मूल रात्री का जागं होतं, हे या साध्या प्रश्नांतून कळतं, "तुमचे मिस्टर पितात का?" यातून नाही.

एका घरी आई सगळं छान चाललंय म्हणून सांगत होती. तिचा तीनेक वर्षांचा मुलगा मोरीत बसून छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरत होता. पिशवीचं तोंड पिळायचं, गाठ मारायची, गळतंय का ते उलटी करून बघायचं, मग भिंतीशी ओळीत ठेवायची. मला म्हणाला, "गाठ घट्ट पाहिजे, नाहीतर पप्पा ओरडतात." अशा वेळी आईकडे बघायचं नाही. बघितलं की झाली चौकशी सुरू. मी त्याला एक पिशवी धरून दिली. पुढच्या खेपेला विषय आईनंच काढला.

नव्या कार्यकर्त्याचा सगळा जोर बापाची सुटावी यावर असतो. सुटली तर उत्तमच, पण त्यात वर्षं जातात, पुन्हा सुरू होते, आणि चार वर्षांचं मूल तेवढं थांबू शकत नाही. माझ्या मते त्याची संध्याकाळ आधी सावरावी. बाप येण्याआधी जेवण. आवाज चढला की जायला शेजारचं एक ठरलेलं घर, आणि त्या मावशींना आधीच सांगून ठेवलेलं. उरलेली दारू पोराच्या हाताला लागणार नाही अशी जागा. शिवाय या वयाच्या मुलांना वाटतं, आपण दंगा केला म्हणून बाबा पितात. तसं नाही, हे त्यांना सरळ शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बापाशी बोलायचं ते सकाळी, आणि मुलाबद्दल. अंगणवाडीत बोलावलं तर बरेच येतात, मान खाली घालून का होईना.

वैद्यकीय बाबतीत तीन गोष्टी पाठच असू द्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे "आजपासून बंद" अशी शपथ बायकापोरांसमोर घ्यायला लावू नका. दुसरं, दारू सोडवणारी गोळी गुपचूप भाजीत घालायचा सल्ला नातेवाईक हौसेनं देतात. ती डायसल्फिराम असेल आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. आईला हे समजावणं तुमचंच काम. तिसरं, पिऊन आलेल्याला धूसर दिसायला लागलं तर झोपू द्यायचं नाही, थेट सयाजी हॉस्पिटल, म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं. २०२२च्या जुलैत बोटादकडे विषारी दारूनं चाळीसहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. उपचारासाठी सयाजीतला मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. दुसऱ्याचं नाव ऐकताच घरचे बिचकतात, तेव्हा आधी फोनवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन द्यावी. मारहाणीत बाईसाठी १८१ अभयम ही महिला हेल्पलाइन, मुलासाठी १०९८.

आईनं विषय काढला की पोलिसांबद्दल तेव्हाच स्पष्ट बोला. "तुमचे मिस्टर पितात हे सांगायला मी पोलिसांत जाणार नाही. पण मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही. आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मला कळवावंच लागतं." हे ऐकून बाई दुरावते असं वाटेल. उलट तुमची हद्द कळल्यावर ती मोकळी होते. मुलाला दारू पाजणं किंवा त्याच्याकडून विकवणं बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे, हे बापालाही माहीत नसतं. धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगा.

आणि नोंदी जपून करा. मुलाच्या कागदावर "वडील दारुडे" असं लिहू नका. रात्रीची झोप, वजन, अंगणवाडीतली हजेरी, मारहाण पाहिली असेल तर तारीख आणि काय पाहिलं, इतकंच. कागद हातोहात फिरतात, आणि ते वाचणारी मंडळी बहुधा त्याच गल्लीत राहतात.