उसातला लव्हाळा भांगलून जात नाही, मग घालवायचा कसा

दोन भांगलणी झाल्या, म्हणजे खुरप्याने तण काढून झालं, मजुरी देऊन झाली, आणि पाणी पाजून आठवडा होत नाही तोवर लव्हाळ्याच्या तणाने सरी परत हिरवीगार. पाटपाण्याचा ऊस ज्याच्याकडे आहे त्याला हे सांगायला नको. माझ्या रानात पाच-सहा वर्षं हेच चालू होतं आणि मी भांगलणाऱ्या बायकांवर चिडायचो की मुळापासून काढत नाही म्हणून. चूक त्यांची नव्हतीच.

एकदा कुदळ घेऊन वीतभर खोल खणून बघा. वरचा तीनधारी दांडा ओढला की हातात येतो, खालची काळी गाठ तिथंच राहते, आणि त्या गाठीपासून दोऱ्यासारखं मूळ पुढच्या गाठीला, तिथून त्याच्या पुढच्या, अशी माळच असते. गाठ नखाने फोडली तर दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा वास येतो, जातभाईच ना तो. आता गंमत अशी की माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या बऱ्याचशा झोपून राहतात. आपण खुरपं घातलं, माळ तुटली, की झोपलेल्या पण जाग्या होतात. म्हणून भांगलल्यावर जास्त दाट येतो, तुमच्या डोळ्याचा दोष नाही तो. आणि रोटर (ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर) म्हणजे तर लव्हाळ्याची लागण करायचं यंत्रच, तुकडे करून सगळ्या रानात पसरवतो, वर शेजाऱ्याच्या रानातनं आलेल्या रोटरला चिकटलेल्या मातीतनं नवीन गाठी येतात त्या वेगळ्याच. मशीन बांधावर धुवून घ्या, ड्रायव्हर कुरकुर करतो, करू दे.

खरं काम उन्हाळ्यात आहे. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतनं फुटलेला पुढचा ऊस, तुटून गेला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी पूर्ण बंद, आणि रान वाळल्यावर पलटी नांगर. ओल्यात नांगरू नका, ढेकळात ओल धरून गाठी मजेत जगतात. मग आठ-पंधरा दिवसांनी फणपाळी, म्हणजे फणाच्या अवजाराने माती उकरायची, परत तापू द्या, परत फणपाळी. गाठीला ऊन लागून ती आतून सुकली की मेली, पण ढेकळाच्या पोटात सावलीत राहिली तर जिवंत, म्हणून उलथापालथ करायलाच लागते. वर आलेल्या गाठी वेचून बांधावर टाकायच्या नाहीत हं, मी टाकल्या होत्या, पहिल्या पावसात बांध हिरवा झाला. जाळा नाहीतर वाळवून मग टाका.

आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, करणार असाल तर मेच्या शेवटी एक पाणी देऊन ताग टाका, एकरी २० ते २५ किलो, दाटच. लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही, तागाखाली तो पिवळा पडून किडमिडा होतो. फुलावर आला की ४५-५० दिवसांनी गाडायचा, म्हणजे खत पण झालं.

एवढं करून पण लागणीनंतर थोडा उगवतोच. तिथं हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक वापरायचं, एकरी ३६ ग्रॅम. लव्हाळा चार-पाच पानांवर पाहिजे, तुरा यायच्या आधी, आणि जमिनीत वाफसा पाहिजे, म्हणजे चिखल नाही आणि कोरडंही नाही अशी ओल. कोरड्या रानात सुकलेल्या तणावर मारलं तर औषध गाठीपर्यंत उतरतच नाही. एकरी १५ लिटरचे १० पंप धरा. ३६ ग्रॅम बादलीत १० लिटर पाण्यात नीट विरघळवायचं आणि प्रत्येक पंपाला त्यातलं एक लिटर, नाहीतर ३.६ ग्रॅम कोण मोजत बसणार. नोझल पट्ट्याचा लावा. आणि मग थांबा! आठ दिवस काहीच दिसत नाही, नंतर पिवळं पडतं, मरायला दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी दुकानदाराला शिव्या घालून भांगलायला लावणारे मी बघितलेत, त्याने औषध पण वाया आणि माळ पण तुटली. सरीत आंतरपीक असेल तर मात्र हे मारू नका, तिथं दर दोन-तीन आठवड्याला भांगलणच, उगवल्यावर महिना-सव्वा महिन्यात नवीन गाठी धरायला लागतात, त्याच्या आत उपटत राहिलं तर गाठ हळूहळू रिकामी होते.

केना, घोळ, माठ ही किरकोळ मंडळी बांधणीपर्यंत, म्हणजे उसाला मातीची भर देईपर्यंत, आवरतात. चांदवेल तेवढी बांधणीआधीच काढा, नंतर ती शेंड्यापर्यंत चढून ऊस बांधून टाकते आणि तोडणीवेळी टोळी फडात शिरायला तयार नसते. रुंद पानाच्या तणाला टू-फोर-डी चालतं, पण शेजारी द्राक्षं, टोमॅटो, कापूस असेल तर वाऱ्यात अजिबात नको. आणि पंप वेगळा ठेवा. मी एकदा दोनदा विसळून त्याच पंपाने वांग्यावर कीटकनाशक मारलं, चार-पाच दिवसांत शेंडे पिळवटून दोरीसारखे झाले, अख्खी पट्टी गेली.

ग्लायफोसेट या तणनाशकाचं विचारतात बरेच जण. लेबलावर चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढंच आहे, शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने ते परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरतंच ठेवलंय, त्यामुळे उभ्या उसात मारायचा विषयच नाही.

खोडव्यात पाचट (तोडणीनंतर राहिलेला वाळका पाला) जाळू नका, सरीत पसरा. बी वरनं येणारं तण त्याखाली दबतं. लव्हाळा पूर्ण नाही दबत, त्याचं टोक सुईसारखं असतं, मल्चिंगच्या प्लॅस्टिकला पण भोक पाडून वर येतो. पण वर आलेला थोडा असतो, मोजून काढता येतो.

माझ्या रानातनं एका वर्षात गेला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मधलं रान साफ झालं, पाटाच्या तोंडाशी चार-पाच हात पट्टा अजून आहे, तिथं ओल कायम आणि नांगर पोचत नाही. दर पाण्याला कुदळ घेऊन तिथं जातो.