पावसाळ्यात लॅक्टाइडचं पॉलिमर करायचं असेल तर

बेळगावात तरणा पाऊस लागला की आमच्या डेसिकेटरमधली (कोरडं ठेवायचं हवाबंद भांडं) निळी सिलिका बघता बघता गुलाबी पडते. ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांनी या दिवसांत फ्लास्क हातात घेण्याआधी एक हिशेब वहीत मांडायचा. 1.44 ग्रॅम लॅक्टाइड (पॉलिलॅक्टाइड या प्लास्टिकच्या साखळीची कडी) म्हणजे 10 मिलिमोल. साखळी 200 लॅक्टाइडची हवी तर ती सुरू करणारं बेन्झिल अल्कोहोल लागतं 0.05 मिलिमोल, म्हणजे जेमतेम 5.4 मिलिग्रॅम. आणि 1 मिलिग्रॅम पाणी? 0.055 मिलिमोल! पाण्याचा रेणूही साखळी सुरू करतो. एवढंसं पाणी आत शिरलं की 29,000 च्या आसपास अपेक्षित असलेला रेणुभार निम्म्यावर येतो, आणि बोल लागतो बिचाऱ्या कॅटॅलिस्टला.

म्हणून फ्रीजरमधून काढलेली लॅक्टाइडची बाटली लगेच उघडायची नाही. बाहेर ठेवा, काचेवरचं दव पूर्ण सुकू दे, बाटली खोलीच्या तापमानाला येऊ दे. घाई झाली तर तेच दव आत पावडरीवर बसतं. मी खानापूरचा, आमच्याकडे आषाढात बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

लॅक्टाइड कोरड्या टोल्युईनमधून पुन्हा स्फटिक करून व्हॅक्यूमवर वाळवा. टोल्युईन सोडियम-बेन्झोफिनोनवर गडद निळं झाल्याशिवाय काढू नका, निळं म्हणजे कोरडं. काच रात्रभर ओव्हनमध्ये, गरम असतानाच श्लेंक लाईनला (व्हॅक्यूम आणि आर्गॉन आलटून पालटून देणारी काचेची नळी) जोडायची, मग व्हॅक्यूम-आर्गॉन तीनदा. 5.4 मिलिग्रॅम बेन्झिल अल्कोहोल काट्यावर मोजण्याच्या भानगडीत पडू नका, टोल्युईनमध्ये द्रावण करून सिरिंजनं घाला. कॅटॅलिस्ट, म्हणजे स्टॅनस ऑक्टोएट, तोही तसाच.

ऑइल बाथ 130 अंशांवर. लॅक्टाइड वितळतं, मग घट्ट होत जातं आणि शेवटी ढवळणारा मॅग्नेट अडकतो. तिथून पुढे उगाच तापवत बसलात तर साखळ्या आपसांत तुकडे बदलतात आणि लहान-मोठ्यांची सरमिसळ होते. थंड करून थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, थंड मिथेनॉलमध्ये थेंब थेंब सोडा. पांढरे धागे सुटतात.

किती झालं हे बघायला मिथेनॉलमध्ये ओतण्याआधीच एनएमआरचा (रेणूतले हायड्रोजन सिग्नलवरून ओळखायची चाचणी) थेंब काढून ठेवा: पॉलिमरचा सिग्नल 5.16 पीपीएमला, उरलेल्या लॅक्टाइडचा 5.03 च्या आसपास. धुतलेल्या पॉलिमरमध्ये 7.3 जवळच्या बेन्झिल टोकावरून साखळीची लांबी काढा आणि जीपीसीशी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून रेणुभार मोजायची चाचणी) ताडून बघा. जीपीसी पॉलिस्टायरिनवर कॅलिब्रेट केलेलं असेल तर आकडा आधी 0.58 नं गुणायचा. तरीही तो एनएमआरपेक्षा बराच कमी भरला, तर पहिला संशय पाण्यावर घ्या.