मणक्याच्या फ्रॅक्चरला स्क्रू घालताना या चुका टाळा

चार स्क्रू किती मिनिटांत घातले, हे कौतुकाने सांगणारा रेसिडेंट दर बॅचला एक तरी असतो. तो सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना बघायच्या एक्स-रे यंत्रावर) स्क्रू पेडिकलमध्ये, म्हणजे मणक्याची मागची बाजू पुढच्या बॉडीला जोडणाऱ्या हाडाच्या दांड्यात, आहे एवढंच बघतो आणि खूश होतो. जागा बरोबर आली म्हणजे पकड आली असं नाही. टेबलावर पेशंट पालथा असतो, मणक्यावर भार जवळजवळ नसतोच. परीक्षा तो उठून बसतो तेव्हा सुरू होते.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे सीटीत मणक्याची पुढची बाजू नीट न पाहता मागून मोडलेल्या मणक्याच्या 'वर दोन, खाली दोन' स्क्रू घालून मोकळं होणं. डी-१२ (छातीचा शेवटचा मणका) आणि एल-१ (कमरेचा पहिला) हा ताठ छाती आणि हलती कंबर यांच्यामधला भाग, बर्स्ट फ्रॅक्चर (मणक्याची बॉडी फुटून तुकडे पांगतात ते) इथेच जास्त. सरळ उभं असताना भाराचा मोठा वाटा पुढून, मणक्याच्या बॉडीतून खाली उतरतो. तिथेच चुरा झाला असेल तर तो वाटा स्क्रूवर येतो, आणि दाबत नाही, वाकवतो.

आंब्यावरून पडलेले एक बागायतदार माझ्याकडे आले होते. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. एल-१चा बर्स्ट, चार स्क्रू, आणि पहिला एक्स-रे पुस्तकात छापावा असा. मणक्याची उंची पूर्ण परत आणलेली. मेख तिथेच होती. स्क्रूंना जोडणाऱ्या रॉडवर ताण देऊन उंची मिळते, हाड मिळत नाही. तुकडे लांब सरकतात आणि मधे पोकळी राहते. काका बेल्ट लावून चालू लागले, बागेतही जाऊ लागले. चार-पाच महिन्यांत पाठीला बाक आला आणि एल-२चे दोन्ही स्क्रू तुटले. "डॉक्टर, सळ्या हलक्या प्रतीच्या घातल्या काय हो?" त्यांचा पहिला प्रश्न. सळ्या उत्तम होत्या. पण हाड जुळलंच नाही तर कुठलाही धातू वाकून वाकून थकतो आणि तुटतो. शेवटी पुढून केज (चुरा झालेल्या हाडाच्या जागी आधाराचा पिंजरा) आणि मागून लांब बांधणी, म्हणजे दुसरं, आणि पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन.

त्यांची जुनी सीटी मागवली. उत्तर पहिल्या दिवसापासून तिच्यातच होतं. मॅककॉर्मॅक, काराइकोविक आणि गेन्स यांनी १९९४ मध्ये लोड-शेअरिंग स्कोअर दिला: चुरा किती, तुकडे किती पांगले, बाक किती सरळ करावा लागणार. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ७ किंवा जास्त आली की मागची आखूड बांधणी (वर-खाली एकेकच मणका धरणारी) एकटी पुरेल असं धरायचं नाही. मी हा आकडा सीटीच्या पाकिटावर पेनाने लिहितो, मगच इम्प्लांटवाल्याला फोन. आकडा कमी असेल आणि मोडलेल्या मणक्याचं पेडिकल शाबूत असेल, तर तिथेही आखूड स्क्रू घालतो. बांधणी चांगली घट्ट होते. सात-आठ आले तर वर-खाली दोन-दोन मणके धरायचे, नाहीतर पुढून आधार द्यायचा. "पेशंट तरुण आहे, निभावेल" हा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही.

दुसरी खोड: रॉड बसेना की "स्क्रू जरा उलटा फिरव". शंकूसारख्या गाभ्याचा स्क्रू मागे घेतला की आटे आणि हाड यांच्यात फट पडते. स्क्रूची निम्म्याहून जास्त पकड पेडिकलमधून येते, आणि ते भोक तुम्ही आत्ताच सैल केलेलं असतं. बिजागरीचं भोक सैल झालं की सुतार काडी ठोकून वेळ मारून नेतो, तशी सोय इथे नाही. याच्या उलट टोकाचे लोक 'अजून एक पीळ' देऊन स्क्रूचं डोकं हाडावर आवळतात. पॉलिअ‍ॅक्सियल (सगळ्या बाजूंना कलणारं) डोकं हलायचं थांबतं, खालचं हाड तडकतं, पकड कमीच होते. माझी सवय सोपी आहे: स्क्रूला हात लावायचा नाही, रॉड वाकवायचा. स्क्रू सैल झालाच तर पेडिकलमध्ये जागा पाहून जाड स्क्रू घालायचा. लांबी वाढवून जाडीइतका फायदा होत नाही.

वाकवलेला टायटॅनियमचा रॉड त्याच जागी उलटा वाकवू नका, खाच पडते आणि तुटायला तिथूनच सुरुवात होते. दोन्ही बाजूंचे स्क्रू समांतर नकोत, आत कललेले हवेत. फायनल टायटनिंग हाताच्या अंदाजाने नको, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आणि काउंटर-टॉर्क (आवळताना बांधणी फिरू न देणारा दांडा) दोन्ही मागा, सिस्टर कितीही घाईत असल्या तरी. टायटॅनियमच्या स्क्रूवर स्टीलचा रॉड कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

हाड ठिसूळ असेल तर टॅप (स्क्रूआधी हाडात आटे पाडायचं हत्यार) स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर बारीक घ्या, किंवा घेऊच नका. स्क्रूभोवती भरायचं हाडाचं सिमेंट चांगलंच काम करतं, पण ते घालायचं हे आधी ठरवून, पेडिकलची भिंत फुटलेली नाही याची खात्री करून, सी-आर्मखाली हळूहळू. चौथा स्क्रू हातात फिरायला लागल्यावर "सिमेंट आहे का?" असं ओरडायचं नाही.