नेटवर्क केबल ओढण्याआधी: १०० मीटरचा हिशेब

पहिले काम मोजमापाचे. केबल ज्या वाटेने जाणार तीच वाट टेपने मोजा. नकाशावरच्या सरळ अंतराचा इथे उपयोग नाही. भिंतीवरचा चढ, फॉल्स सीलिंगमधली वळणे, रॅकमधला वळसा आणि टोक पुन्हा क्रिम्प करावे (प्लग दाबून बसवावा) लागले तर लागणारी शिल्लक, सगळे धरा. मर्यादा १०० मीटरची, पण तिची वाटणी ठरलेली आहे: भिंतीतली सॉलिड तारेची केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या लवचीक केबली) मिळून १०. पॅच कॉर्डच्या आत बारीक तारांचा जुडगा असतो, त्यात सिग्नल लवकर क्षीण होतो. म्हणून कमी पडलेले अंतर लांब पॅच कॉर्डने भरून काढू नका. वाट तापणाऱ्या पत्र्याखालून जात असेल तर ९० मीटरही पूर्ण वापरू नका.

मग वेग ठरवा. केबलचा दर्जा ‘कॅट’च्या आकड्याने ओळखतात. १ गिगाबिटला कॅट ५ई पूर्ण १०० मीटर पुरते. १० गिगाबिटला कॅट ६ फार तर ५५ मीटर चालते, केबलींचा दाट गठ्ठा असेल तर ३७च. त्यापुढे कॅट ६ए घ्या. खोक्यावर ‘सीसीए’ लिहिले असेल तर ते परत करा. तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम असतो. रोध जास्त, त्यामुळे नेटवर्क केबलवरच वीज घेणारा कॅमेरा दूरच्या टोकाला रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रीस्टार्ट होऊ लागतो.

ओढताना हिसका नको, वळण केबलच्या व्यासाच्या निदान चौपट त्रिज्येचे ठेवा. विजेच्या वायरी ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

खरी काळजी टोकांशी घ्या. केबलीत आठ तारा चार पिळलेल्या जोड्यांत असतात; जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. सगळ्यात फसवी चूक म्हणजे चार जोड्या प्लगमधल्या १-२, ३-४, ५-६, ७-८ या जागांवर ओळीने लावणे. दोन्ही टोके सारखी असल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ या जागांवरच्या तारा एकाच जोडीतल्या हव्यात, तसेच ४ आणि ५. जोड्या फुटल्या की एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो, आणि लांब केबलवर डेटाची पॅकेट गळू लागतात. म्हणून दोन्हीकडे ‘बी’ क्रम ठरवून घ्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

जोडणीनंतर स्विचवर (सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर) लिंकचा वेग पाहा. १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसले तर बहुधा ४-५ किंवा ७-८ ची जोडी तुटलेली असते. मोठी फाइल पाठवून पोर्टचा सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा तपासा; तो वाढत असेल तर टोक कापून नव्याने क्रिम्प करा. दोन इमारतींमध्ये मात्र अंतर कमी असले तरी फायबरच टाका: अर्थिंगमधला फरक आणि आकाशातल्या विजेचा धक्का तांब्यातून थेट स्विचपर्यंत येतो.