शैक्षणिक कर्ज थकलंय? माफीची वाट पाहताना या चुका टाळा

शेतकरी कर्जमाफी २०१७ साली झाली, २०१९ साली पुन्हा झाली. आता पोरांचं शैक्षणिक कर्जही माफ होईल, असं तेव्हापासून अनेक घरांत धरून चाललेत. या भरवशावर हप्ते थांबवणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. सरसकट माफीची योजना केंद्राचीही नाही आणि राज्याचीही नाही. हाती लागू शकते ती व्याजातली सवलत, किंवा खातं थकल्यावर बँकेशी केलेली तडजोड.

व्याजाची सवलत बहुतेकांच्या हातून दुर्लक्षानेच जाते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल, तर तंत्रशिक्षण व व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज केंद्र सरकार भरतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळासाठी ३ टक्के सवलत आहे; मात्र संस्था योजनेच्या यादीतली हवी. उत्पन्नाचा दाखला देऊन थांबू नका, बँकेने सवलतीचा दावा सरकारकडे पाठवला का ते शाखेत विचारा. शिक्षण मध्येच सोडलं तर सवलत हातची जाते.

सवलत नसेल तर ‘हप्ता सुरू नाही म्हणजे व्याज नाही’ हा समज घातक ठरतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षाच्या सुरुवातीला १.२५ लाख उचलले आणि दर १० टक्के सरळव्याज धरला, तर शिक्षणानंतर वर्षभराने सुरू होणाऱ्या पहिल्या हप्त्याआधीच ५ लाखांचे ६.७५ लाख होतात. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरा.

नोकरी गेली तर गप्प बसू नका. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्याआधी शाखेला लेखी अर्ज द्या. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेत बेरोजगारीच्या काळात हप्ते थांबवण्याची आणि परतफेड १५ वर्षांपर्यंत नेण्याची सोय आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

‘बँकेने कर्ज राइट ऑफ केलं, म्हणजे सुटलो’ हेही चुकीचं. ती बँकेच्या हिशोबातली नोंद आहे. वसुली चालूच राहते आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांकडेही बँक येते. दिवाळखोरीचा मार्गही बंदच समजा, कारण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने विद्यार्थी कर्ज माफ होणाऱ्या देण्यांतून स्पष्ट वगळलंय. कर्जदाराचा मृत्यू झाला तर आधी खातेउतारा तपासा. विम्याचा हप्ता कापलेला दिसला तर लगेच दावा करा. विमा नसेल तर देणं सहकर्जदारावर येतं.

मोठी रक्कम खरोखर सुटते ती एकरकमी तडजोडीत, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी ठरलेली रक्कम भरून खातं मिटवण्यात, आणि सगळ्यांत जास्त घोळही तिथेच होतात. आधी पूर्ण खातेउतारा मागा आणि मुद्दल, व्याज, दंड वेगळे करून पाहा. २०२४ पासून दंडाच्या रकमेवर व्याज लावता येत नाही. मंजुरीपत्रात रक्कम, शेवटची तारीख आणि जामीनदाराची सुटका हे तिन्ही लिहिलेलं असल्याशिवाय पैसे भरू नका. वसुली एजंटाच्या हातात रोख तर कधीच नको, थेट कर्जखात्यात भरा. ठरलेली तारीख चुकली तर तडजोड मोडते आणि सगळी थकबाकी पुन्हा उभी राहते. म्हणून पैशांची सोय झाल्यावरच अर्ज करा.

तडजोडीनंतर सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पुढे घरकर्ज मागताना तो अडचणीचा ठरतो. थोडे जास्त भरून पूर्ण फेड जमत असेल तर तेच करावं, असं आम्ही सुचवू. पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ (देणं बाकी नाही) पत्र घ्या. घर तारण असेल तर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायलाच हवीत. तिच्याकडून उशीर झाला तर भरपाई दिवसाला ५,००० रुपये.