नव्या पिल्लांना शिंका सुरू झाल्या? या चुका टाळा

कोंबडीची पिल्लं आणून तीन-चार दिवस झाले की खुराड्यातून पहिली शिंक ऐकू येते. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं शिंकतात, एखाद्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसतो आणि आपला हात औषधाच्या बाटलीकडे जातो. श्वसनाच्या आजारात बरंचसं नुकसान याच घाईमुळे होतं, आणि उरलेलं त्याच्याही आधी, पिल्लं घरी आली त्या दिवशीच झालेलं असतं.

आल्या दिवशीच कळपात सोडणं

ही चूक मी केली आहे. आठ तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या, दिसायला ठणठणीत होत्या, म्हणून त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या. दोन आठवडे होत आले तेव्हा जुन्या कोंबड्यांच्या श्वासात घरघर सुरू झाली. तलंगा चार शिंका देऊन सावरल्या. जुन्यांपैकी दोन गेल्या. आजार मी माझ्या हाताने आत आणला होता, हे आजही बोचतं.

असं होण्याचं कारण मायकोप्लाझ्मा, म्हणजे ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी (जुनाट श्वसनरोग) म्हणतात त्या आजाराचा जंतू. तो आईकडून अंड्यातूनही पिल्लात उतरतो आणि कुठलंही लक्षण न दाखवता अंगात राहतो. प्रवास, नवी जागा, बदललेलं खाद्य, गारठा यांचा ताण आला की डोकं वर काढतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ६ ते २१ दिवस लागतात, म्हणून आठवडाभर वेगळं ठेवून काहीच कळत नाही. किमान ३० दिवस हवेत.

वेगळं म्हणजे खरोखर वेगळं. एकाच शेडमध्ये मधे जाळी लावली तर हवा, धूळ आणि शिंकांचे तुषार दोन्हीकडे फिरतातच. खाद्य-पाण्याची भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि काम करताना आधी जुना कळप, मग नवा. उलट कधीच नाही. महिना नीट गेला तरी सगळ्यांना एकदम एकत्र करू नका. जुन्यांतली एकच कोंबडी नव्यांत सोडा आणि दोन आठवडे पाहा. ती आजारी पडली तर एका कोंबडीवर निभावतं.

हवा न तपासता औषध देणं

माझ्या मते हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. पिल्लांना गारठा लागू नये म्हणून आपण खुराडं चहूबाजूंनी बंद करतो. आत ओल साठते, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि श्वासनलिकेत कचरा बाहेर ढकलणारे जे सूक्ष्म केस असतात, ते निकामी होत जातात. मग एरवी परतवला गेला असता असा जंतूही घर करतो. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर राहिला की त्रास ठरलेला. मोजायचं यंत्र नसलं तरी एक करता येतं: बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं थांबा, मग आत जाऊन पिल्लांच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर आधी लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं तूस किंवा पेंढा, बदला. उभ्याने वास घेऊन अंदाज येत नाही, शिवाय आत थोडा वेळ थांबलं की आपलं नाक सरावतं.

झरोके छताजवळ ठेवा. ओलसर हवा वरून निघून गेली पाहिजे, पण झोत पिल्लांच्या अंगावर येता कामा नये. ऊब ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेच्या) दिव्याने द्यायची, हवा कोंडून नाही: पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी.

लिटर हातात घेऊन पाहा. बुरशीचा वास येणारं तूस किंवा पेंढा असेल तर पिल्लं ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू श्वासातून आत घेतात. पिल्लू चोच उघडून धापा टाकतं, पण घरघर सहसा ऐकू येत नाही. यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. पिल्लं लगेच कोरड्या, स्वच्छ लिटरवर हलवा.

प्रत्येक आवाजाला सर्दी समजणं

रात्री दिवा मालवून खुराड्याजवळ पाच मिनिटं शांत बसा. दिवसाच्या गोंगाटात न येणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. मग कोणता आजार असू शकतो, याचा अंदाज बांधता येतो.

उन्हाळ्यात सगळीच पिल्लं पंख जरा दूर धरून, चोच उघडून धापा टाकत असतील तर तो उकाडा आहे. खाल्ल्यावर एखादं पिल्लू जांभई दिल्यासारखी मान ताणतं, ते बहुधा घास खाली सरकवत असतं. विकणाऱ्याने नुकतीच मानमोडीची (राणीखेत) किंवा आयबीची (विषाणूमुळे होणारा श्वासनलिकांचा दाह) जिवंत लस दिली असेल, तर काही दिवस हलक्या शिंका येतात आणि आपोआप थांबतात. म्हणून लस कोणती आणि कोणत्या तारखेला दिली हे पिल्लं घेतानाच विचारून लिहून ठेवा.

डोळ्यात फेस, नाकातून पाणी, हळूहळू पसरणारी घरघर असेल तर सीआरडीचा संशय घ्यावा. एक ते तीन दिवसांत चेहरा सुजला आणि नाकाच्या स्रावाला घाण वास आला तर कोरायझा, म्हणजे जिवाणूमुळे होणारी संसर्गजन्य सर्दी. एका-दोन दिवसांत सगळा कळप शिंकू लागला तर आयबी असू शकतो. पिल्लूपणी झालेल्या आयबीमुळे अंडनलिका कायमची बिघडू शकते आणि मग पुढे चांगली दिसणारी कोंबडी अंडंच देत नाही. मान लांब करून श्वास ओढणं आणि रक्ताळलेला बेडका हे आयएलटीचं (स्वरयंत्र आणि श्वासनलिकेचा विषाणूजन्य आजार) लक्षण. शिंक नाही, नुसती आ वासून धाप, आणि पिल्लं मोकळ्या मातीत गांडुळं खात फिरणारी असतील, तर श्वासनलिकेतल्या जंताचा विचार करा. त्याला जंतनाशकच लागतं.

श्वासाच्या त्रासासोबत हिरवी हगवण, मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं किंवा अचानक बरीच मर दिसली तर मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. तिथे घरचा एकही प्रयोग नको. पक्षी जागचे हलवू नका आणि लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा.

औषधातल्या चुका

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं तीच भित्तिका बनण्यात अडथळा आणून जंतू मारतात, म्हणून सीआरडीवर ती फुकट जातात. टायलोसिनसारखी औषधं लागू पडतात, पण औषध कोणतं आणि किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवावं. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून औषध सोडू नका.

टायम्युलिन हे अँटिबायोटिक मिळालं असेल तर खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी आधी वाचा. रक्ती हगवण रोखायला खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असेल, तर दोन्ही मिळून विषबाधा होते आणि पिल्लं मरतात. टेट्रासायक्लिन गटातलं औषध चालू असताना जास्तीचा शिंपला देऊ नका, कॅल्शियममुळे औषध अंगी लागत नाही. पाण्यातून औषध देताना दुसरं पाणी समोर नको. जे पिल्लू पाणीच पीत नाही, त्याला औषध मिळतच नाही, म्हणून ते वेगळं काढा. पण चोच उघडून पाणी ओतू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे लगेच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, पिल्लू स्वतः गिळतं. त्याला घट्ट धरूही नका. पक्ष्यांना आपल्यासारखं छाती आणि पोटामधलं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो.

खुराड्यात धूर करणं आजारी फुप्फुसांवर आणखी एक ओझं आहे.

बरी झाली म्हणून विसरणं

सीआरडी आणि कोरायझातून उठलेली कोंबडी बाहेरून निरोगी दिसते, पण जंतू तिच्या अंगात राहतो. अशा कळपातले पक्षी विकू नयेत, कुणाला देऊ नयेत, आणि त्यांत नवी पिल्लंही मिसळू नयेत. कळप वाढवायचाच असेल तर हा कळप संपल्यावर, खुराडं धुऊन, निर्जंतुक करून आणि काही आठवडे रिकामं ठेवून.

पिल्लू मेलं आणि लक्षणं मोठ्या साथीची नसतील, तर घाईने पुरू नका. पिशवीत घालून, थंड ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनाला पाठवा. गोठवू मात्र नका, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही.