जुन्या बुलेटला साईडकार बसवताना

लांबच्या प्रवासाला निघणारे बुलेटवाले पुण्यातल्या माझ्या शेडवर येतात ते बहुतेक एकच मागणी घेऊन. मागे हुक लावून द्या, छोटा ट्रेलर ओढायचाय. मी त्यांना हळूहळू साईडकारवर आणतो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलंय, म्हणजे त्याच्या नोंदणीपासून सगळं नव्यानं आलं. साईडकार मात्र मोटारसायकलच्या व्याख्येतच बसते, सुटी होणारी आणि जादा चाकाची असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय ट्रेलरमध्ये सामान जाईल, गुडघे दुखणारी आई नाही.

व्याख्येत आहे म्हणून परस्पर जोडून मोकळं होता येत नाही. कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर आधी परवानगी लागते. म्हणून आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारा (एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवडवाल्यांनी तिकडच्या ऑफिसात), मग वेल्डिंगवाल्याला फोन करा. विमा कंपनीला लेखी कळवायचं. तोंडी सांगितलेलं क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

पुढचं सगळं कास्ट आयर्न इंजिनच्या, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेल्या बुलेट ३५० बद्दल आहे. साईडकार डावीकडेच लावायची. या गाडीला ते सोयीचंही आहे, कारण सायलेन्सर उजवीकडे, किक उजवीकडे. डावी बाजू बरीच मोकळी मिळते.

साईडकार आणण्याआधी गाडी तपासा. कोनसेट, म्हणजे हॅन्डलचे बेअरिंग, हलत असेल तर बदला. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशमध्ये खेळ असेल तर तोही काढून टाका. सगळे स्पोक एकेक वाजवून बघा, सैल असेल त्याचा आवाज बसका येतो. दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. साईडकार लागली की गाडी झुकायची बंद, आणि प्रत्येक वळणाला तो जोर थेट स्पोकवर जातो.

याच वेळी गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात कमी असलेलं टाकून घ्या. नाहीतर दोन माणसं आणि सामान घेऊन दिवे घाटात तिसऱ्यात इंजिन धापा टाकतं. या बुलेटमध्ये ते स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं असतं. प्रायमरी केस, म्हणजे क्लचवरचं डावीकडचं झाकण, उघडून क्लच उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि साईडकारचे दांडे लागल्यावर डावीकडून ते उघडणं म्हणजे शिक्षा. नाना पेठेत स्प्रॉकेट आणि चेन जोडीनं मिळते. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका.

आता जोडणी. चार जागा लागतात, दोन खाली, दोन वर. खालच्या दोन भार घेतात, वरच्या दोन गाडी उभी ठेवतात. अडचण पुढच्या खालच्या जागेची. बुलेटची चासी इंजिनखाली बंद होत नाही. पुढचा एकच नळ खाली येतो आणि इंजिनच्या पुढच्या पट्ट्यांना बोल्ट होतो, मधला पूल म्हणजे इंजिनच. म्हणून त्या नळाला नुसता क्लॅम्प आवळून सगळा भार टांगणाऱ्याला मी नाही म्हणतो. इंजिनच्या पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांचे बोल्ट पकडणारी एक सबफ्रेम आधी बनवायची, म्हणजे भार दोन्ही टोकांना वाटला जातो. मग साईडकारचे खालचे दोन दांडे तिला. वरचा पुढचा दांडा टाकीखाली, हॅन्डल फिरतं त्या स्टीअरिंग हेडच्या जवळ. वरचा मागचा शॉकअपच्या वरच्या बोल्टजवळ.

मूळ चासीला वेल्डिंग करायचं नाही. जुना नळ पातळ असतो, उष्णतेनं वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच तडकतो. जे काही वेल्डिंग ते सबफ्रेमवर. पाईप सीमलेस घ्या, खिडकीच्या ग्रीलचा नको. बोल्ट १२ मिमी, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला दिसला पाहिजे, आणि नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले. बोहरी आळीत हे सगळं सुटं मिळतं. तिथला माणूस ‘एकच आहे हो’ म्हणत साधा बोल्ट पुढे करेल, तेव्हा डोकं उलटं करून आकडा वाचायचा. फॅब्रिकेशन भोसरीत करून घेणार असाल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी तिथल्या एमआयडीसीला सुट्टी असते.

दांडे लावताना ब्रेकचं पॅडल पूर्ण खाली दाबून बघा. खालचा पुढचा दांडा बरोबर त्याच्या वाटेत येतो. पाव इंच मोकळं आहे म्हणून समाधान मानू नका. पावसाळी बूट घातलेला पाय तिथे मावला पाहिजे. चेन ताणायला पाना फिरतो का तेही आत्ताच बघा, कारण चेनही डावीकडेच. साईड स्टँड काढून टाका, आता त्याचं काही काम नाही.

मग येतो खरा अर्धा दिवस खाणारा भाग, लाईन. गाडी सपाट कोब्यावर हवी. फरशी वाटते सपाट, पण बाथरूमकडे उतार असतोच, तेव्हा लेव्हल ठेवून खात्री करा. तिन्ही चाकांत हवा बरोबर भरा. तुमच्या वजनाचा माणूस सीटवर बसवा आणि साईडकारमध्ये सिमेंटचं पोतं ठेवा. रिकाम्या गाडीवर घेतलेली मापं माणूस बसला की स्प्रिंगा दबून बदलतात.

पहिलं माप, साईडकारचं चाक मागच्या चाकाच्या किती पुढे. दोन्ही ॲक्सलमध्ये साधारण ६ ते ९ इंच अंतर ठेवतात. फार कमी ठेवलं तर जोरात उजवं वळण घेताना साईडकारचं नाक खाली जातं. फार जास्त ठेवलं तर हॅन्डल जड होतं आणि टायर घासतात.

दुसरं, चाकाचा रोख. अ‍ॅल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाईप घ्या. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना डावीकडून टेकवा. पुढचा टायर बारीक असेल तर त्या फरकाच्या निम्मी पट्टी मध्ये धरा. दुसरा पाईप साईडकारच्या चाकाला बाहेरून टेकवा. मग दोन्ही पाईपांमधलं अंतर दोनदा मोजा, पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे. पुढचं अंतर १२ ते २० मिमी कमी आलं पाहिजे, म्हणजे साईडकारचं चाक किंचित बुलेटकडे बघतं. मी १५ च्या आसपास थांबतो. टोकाच्या आय बोल्टच्या चुड्या आत-बाहेर फिरवून हे जमवायचं. एकेक फेरा फिरवा, परत मोजा.

तिसरं, बुलेटचा कल. गाडी अगदी उभी ठेवली तर रस्त्यावर ती डावीकडे ओढते. एक तर साईडकारचा रेटा, दुसरं आपले रस्ते कडेला उतरते. म्हणून बुलेट एक ते दोन अंश उजवीकडे, साईडकारपासून बाहेर झुकलेली ठेवतात. अंश मोजायचं यंत्र लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. पुढच्या चाकाच्या उजवीकडे तो जरा लांब सोडा, आणि दोरीपासून रिमची वरची कडा किती, खालची किती ते मोजा. १९ इंची रिमला खालचं अंतर ८-९ मिमी जास्त आलं की एक अंश झाला. सुरुवात तिथून करा. रस्त्यावर डावीकडे ओढली तर वरचे दांडे थोडे लांब करून कल वाढवायचा, उजवीकडे ओढली तर कमी. कल बदलला की चाकाचा रोख पुन्हा मोजायचा, कारण एक हलवलं की दुसरं हलतं. कंटाळा येतो, इलाज नाही. लाईन झाली की सगळे चेकनट आवळून त्यांवर रंगाची रेघ ओढा. सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

साईडकारच्या बाहेरच्या कडेला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. रात्री समोरच्याला तुमचा एकच हेडलाईट दिसतो, आणि तो दुचाकी समजून कडेनं घुसतो. वायर थेट बॅटरीवरून फ्यूज टाकून आणा.

आता चालवणं. रोज बुलेट चालवणाऱ्याला हे सगळ्यात कठीण जातं, कारण शरीराला झुकायची सवय असते आणि इथे झुकून काही होत नाही. हॅन्डल वळवावं लागतं, तेही दोन्ही दंडांनी. गुरुवारी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात, तिथे सराव करा. साईडकारमध्ये दोन पोती वाळू ठेवा, माणूस नको. ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे जाते, ब्रेक मारला की उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. हे अंगवळणी पडेपर्यंत शहरात आणू नका.

डाव्या वळणाला जपायचं. जरा वेगात घेतलं की साईडकारचं चाक उचलतं. अशा वेळी घाबरून अजून डावीकडे दाबलं तर गाडी उजवीकडे उलटते. हॅन्डल थोडं सरळ करा, वेग कमी करा, चाक खाली टेकतं. मैदानात मुद्दाम कमी वेगात ते उचलून बघा, म्हणजे कात्रजच्या उतारावर पहिल्यांदा अनुभव घ्यायची वेळ येणार नाही. वीस-तीसच्या वेगाला हॅन्डल थरथरत असेल तर आधी कोनसेट बघा, तो ठीक असेल तर हॅन्डलची थरथर दाबणारा स्टीअरिंग डॅम्पर लावा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळायचे. नवे क्लॅम्प रंग दाबून बसतात आणि सैल होतात. त्यानंतर लाईनही एकदा मोजा. आणि पेठेतल्या गल्लीत शिरण्याआधी गाडीची एकूण रुंदी फुटात पाठ करून ठेवा, कारण बुलेटला रिव्हर्स गिअर नाही आणि तीन चाकं मागे ढकलायला दोन माणसं लागतात.